कार्ड दाखवा, आत या

रास अल खोरचा अर्थ अरबीत ‘खाडीचं डोकं’. दुबईची खाडी पूर्वी जिथे संपायची, तिथे हा भाग. इथे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, 2007 साली त्याला रामसर यादीत स्थान मिळालं, आणि पाहुणे आले की आपण त्यांना तिथल्या लाकडी खोपट्यात नेऊन दुर्बिणीतून गुलाबी ठिपके दाखवतो. पण मंडळी, माझं रास अल खोर हे नव्हे. माझं रास अल खोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडचं: गोदामं, जुन्या गाड्यांचा बाजार, स्पेअर पार्टची दुकानं आणि भाजी मार्केटला जाणाऱ्या ट्रकांची रांग. 1999 पासून मी इथल्या एका गोदामात हिशेब बघतो. पक्ष्यांपेक्षा गॅस्केट आणि क्लच प्लेट यांची मोजदाद जास्त केली.

तर विषय आहे ओळखपत्राचा. हल्ली बारच्या दारात ते नुसतं बघत नाहीत, मशीनवर ठेवून स्कॅन करतात. तुम्ही म्हणाल, स्मरणिकेत हा कसला विषय? गणपती, दिवाळी पहाट, मुलांची मराठी शाळा सोडून हे बारचं काय काढलं? पण आपल्यापैकी निम्म्या लोकांचे निरोप समारंभ, पदोन्नतीच्या पार्ट्या आणि क्रिकेटच्या फायनली कुठे होतात, हे आपल्याला ठाऊक आहे. दुबईत दारूचा परवाना बहुतेक हॉटेलांनाच असतो, आणि चांगलं जेवणही बरेचदा तिथेच मिळतं. त्यामुळे न पिणाराही त्या दारातून जातोच.

खरं तर दारू पिणाऱ्याचं नाव लिहून घेण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं जगाच्या पुढे होतो. महाराष्ट्रात कुठल्याही हायवेला लागा, ‘परमिट रूम’ ही पाटी दिसते. परप्रांतातला माणूस विचारतो, ही कसली रूम? मुंबई राज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला, 1950 पासून पूर्ण दारूबंदी आली. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यातली काही कलमं रद्द केली, पण कायदा उभा राहिला. पुढे तो सैल होत गेला तरी एक गोष्ट टिकली: प्यायची तर परमिट हवं. आणि ते कशासाठी? तर प्रकृतीच्या जपणुकीसाठी! म्हणजे सरकारदरबारी महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा हा औषध घेणारा रुग्ण. ज्या खोलीत या परमिटवाल्यांनी बसायचं, ती परमिट रूम. एक दिवसाच्या परमिटला पाच रुपये, वर्षाच्या परमिटला शंभर, आणि आजीवन परमिटला हजार असा दर कित्येक वर्षं चालू होता. आजीवन परमिट घेणाऱ्याचा आशावाद मला नेहमीच थोर वाटला आहे.

माझ्या लहानपणी आमच्या गिरगावच्या चाळीत एका काकांकडे परमिट होतं. ते देवघराच्या खालच्या खणात, पंचांगाखाली असायचं. काकूंना वाटे, कुणाला ठाऊक नाही. अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पण चाळीला ठाऊक असणं आणि एखाद्या कचेरीत नोंद असणं यात फरक आहे. चाळीत काकांना लोक ‘काका’ म्हणून ओळखत, त्यांच्या दोन पेगांसकट त्यांचं बाकीचं आयुष्यही लोकांच्या समोर होतं. चाळ विसरायची, माफ करायची, वेळेला पडद्याआड घालायची. आणि सरकारी नोंदवही? ती कुणी उघडून बघत नसे. कागदाचा आळस हेच माणसाचं संरक्षण होतं. हजार पानांतून एक नाव शोधायला कारकुनाला तीन दिवस लागणार असतील, तर तो शोधतच नाही.

दुबईत आम्ही आलो तेव्हा परवान्याची तऱ्हा वेगळी होती. दुकानातून बाटली घ्यायची तर पोलिसांकडून मिळणारा परवाना लागे. अर्जावर कंपनीची सही-शिक्का लागे, आणि महिन्याला किती रुपयांची, चुकलो, दिरहमची खरेदी करता येईल हे पगारावर ठरे. विचार करा: नोकरीत नवे आहात, साहेबासमोर जाऊन सांगायचं, “सर, इथे सही करा, मला बिअर प्यायची आहे.” आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी या एका सहीपायी परवाना काढलाच नाही. कुणी मित्राच्या घरी जाऊन भागवलं, कुणी उम्म अल कुवैनच्या वाटेला लागले. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये कायद्यात बदल झाला आणि परवान्याशिवाय पिणं हा गुन्हा राहिला नाही. 2023 च्या जानेवारीत दुबईने परवान्याची फी माफ केली, दारूवरचा तीस टक्के करही काढला. कर 2025 च्या जानेवारीपासून पुन्हा आला. साहेबाच्या सहीची जागा एमिरेट्स आयडीने घेतली. सुटलो, असं वाटलं.

आता या कार्डाचं जरा बघू. पंधरा आकडी नंबर, सुरुवात 784 ने, हा देशाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. पुढचे चार आकडे म्हणजे तुमचं जन्मसाल. म्हणजे नंबर दिला की वय दिलंच. पुढे सात आकडे आणि शेवटी एक तपासणीचा आकडा. कार्डावर नाव, फोटो, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख. नव्या कार्डाच्या मागे हुद्दा आणि कंपनीचं नावही येतं. 2022 च्या एप्रिलपासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लावणं बंद झालं, तेव्हापासून हे कार्डच आपल्या इथल्या वास्तव्याचा पुरावा. बँक, घरभाडं, दवाखाना, फोनचं सिम, सगळं या एका नंबराला बांधलेलं. आणि दारातल्या पोऱ्याला यातलं काय हवं असतं? एकवीस पूर्ण आहेत की नाहीत. होय किंवा नाही. एवढंच.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ सहकारी एकतीस वर्षांनी निवृत्त होऊन कायमचे नाशिकला निघाले. ऑफिसातल्या पोरांनी हौसेने एका हॉटेलातल्या वरच्या मजल्यावर टेबल सांगितलं. जागा नावाला रेस्टॉरंट, परवाना बारचा. दारात एक नेपाळी मुलगा उभा, अतिशय नम्र, हातात मशीन. प्रत्येकाचं कार्ड घ्यायचा, ठेवायचा, बीप वाजला की परत द्यायचा. शिवाय मोबाइल नंबर विचारायचा.

वहिनींनी, म्हणजे निवृत्त होणाऱ्यांच्या सौभाग्यवतींनी, विचारलं, “अरे बाळा, मी साठीची. लिंबू सरबत घेणार. माझं वय तुला दिसत नाही का?”

तो म्हणाला, “मॅडम, सिस्टिम आहे.”

“सिस्टिम”पुढे कुणाचं काय चालतं! आम्ही सगळे बीप होऊन आत गेलो. आत गेल्यावर मोजले तर एक जण कमी. रत्नागिरीकडचा आमचा स्टोअरकीपर मागेच राहिला होता. हा मुसलमान, कोकणी मुसलमान, घरात मराठी, मासे ओळखण्यात आमच्या सगळ्यांचा गुरू. दारूला आयुष्यात शिवलेला नाही. भाऊंना निरोप द्यायचा, चार घास खायचे, म्हणून आला होता. मशीन बघितलं आणि मागच्या मागे लिफ्टने खाली गेला. मी फोन केला तर म्हणाला, “भाऊंना सांगा, मी खाली हाय. तुम्ही जेवून या.”

मी खाली गेलो. तो लॉबीत कडेच्या सोफ्यावर बसला होता. “अरे, कार्डावर धर्म लिहिलेला नसतो,” मी म्हटलं.

“नाव तर लिवलेलं असतंय ना,” तो म्हणाला. “रात्री साडेआठ, अमुक बार, तमुक माणूस. उद्या कुणी कागद काढलान तर मी काय सांगू, भाऊंना भेटायला गेलतो? कागदावर तेवढं थोडंच येतंय.”

मला यावर उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. त्याची भीती खरी होती की वाजवीपेक्षा जास्त, हा मुद्दाच नाही. त्याने काही केलेलं नव्हतं, करणार नव्हता. पण मशीनला फक्त ‘हा इथे होता’ एवढंच कळतं, का होता ते कळत नाही. मग भाऊच खाली आले. आपल्याच पार्टीचे उत्सवमूर्ती, ते दोघे बाहेरच्या कॅफेटेरियात करक चहा आणि पराठा घेऊन तासभर बसले. वर आम्ही त्यांच्या खुर्चीकडे बघत सूप पीत होतो. केक कापायला ते परत वर आले तेव्हा त्यांना पुन्हा कार्ड दाखवावं लागलं.

आणखी गंमत पुढे झाली. आठवड्याभरात वहिनींच्या फोनवर त्या जागेचे संदेश सुरू झाले. मंगळवारी लेडीज नाइट, पहिली तीन ड्रिंक फुकट. वहिनी तोवर नाशिकला पोचल्या होत्या, आणि फोन सासूबाईंच्या हातात. एकादशीचा दिवस. नव्वदीच्या सासूबाई चष्मा लावून सगळे संदेश मोठ्याने वाचतात. पुढचं तुम्ही कल्पनेने भरा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी रडगाणं होईल. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं, ते आपण सगळ्यांनी वाचलं. सतरा वर्षांचा मुलगा, भरधाव पोर्शे, आणि मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. मुलगा त्याआधी दोन बारमध्ये बसला होता. अल्पवयीनाला दारू दिल्याच्या आरोपावरून बारच्या मालक-व्यवस्थापकांना अटक झाली. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, हा नियम तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळला. त्या दोघांच्या आईबापांसमोर उभं राहून ‘दारात कार्ड मागू नका’ असं म्हणायची माझी छाती नाही. मागाच. नीट बघा. फोटो पडताळा. शंका आली तर परत पाठवा.

पण बघणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्याने 2017 च्या जुलैपासून रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या भागातल्या बारना स्कॅनर सक्तीचे केले. कारण मारामाऱ्या, आणि बंदी घातलेल्या माणसांना दारातच अडवणं. तिथे निदान तीस दिवसांत माहिती पुसून टाकायचा नियम तरी घातला. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये मात्र 2024 च्या मे महिन्यात क्लबांच्या दारातली पाहुण्यांची नोंद सांभाळणाऱ्या एका कंपनीकडून दहा लाखांहून जास्त नोंदी बाहेर फुटल्याचं उघड झालं. सिडनीतल्या आपल्या भाचे-पुतण्यांना विचारा. लोक जेवायला गेले होते, आणि त्यांच्या सह्या, पत्ते, लायसन्स कुठल्या कुठे पोचले. दारातल्या माणसाचा काही दोष नव्हता. माहिती तिसऱ्याच्याच कपाटात होती.

आपल्याकडचंही ऐका. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी दिलं गेलं ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि 2018 च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने खासगी कंपन्यांना आधार मागण्याचा रस्ता बंद केला. तरी सुट्टीत गेलं की महाबळेश्वरच्या हॉटेलात पहिला प्रश्न “आधारची झेरॉक्स द्या.” 2022 च्या मे महिन्यात आधारच्याच बंगळूरच्या कार्यालयाने सांगितलं की विनापरवाना हॉटेलं आणि सिनेमागृहं यांना अशा प्रती गोळा करता येत नाहीत, देऊ नका. दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. गैरसमज कसला, माझी तर पहिल्यांदाच नीट समजूत पटली होती! असो. शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार मात्र संकेतस्थळावरून घेता येतं, ते छापून ठेवा.

इथे संयुक्त अमिरातीत 2021 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा संघीय कायदा, 45 क्रमांकाचा, झाला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यापुरतीच वापरायची, हे त्यातलं मूळ सूत्र. ते वाचून मी त्या हॉटेलला एक साधं पत्र लिहिलं: आमच्या कार्डांचं काय ठेवलंत, किती दिवस ठेवता, आणि वयाच्या तपासणीसाठी दिलेला मोबाइल नंबर जाहिरातीला कसा गेला? उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दुसऱ्या पत्रालाही तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट. तिसऱ्या वेळी मी फोनच केला. एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनींचा नंबर यादीतून काढला. स्कॅनचं काय, ते तिला माहीत नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आपल्या घरचीच आहे. आपल्या मंडळाचा गणेशोत्सवाचा नोंदणी फॉर्म काढून बघितला. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, आयडी नंबर, पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव, पत्ता. मोदक किती करायचे हे ठरवायला पासपोर्ट नंबर कशाला? आणि भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा कुठे होता, तर हॉलच्या स्वयंपाकघरात, पत्रावळींच्या खोक्यावर. कुणाचा वाईट हेतू नाही. आधीच्या समितीचा फॉर्म पुढच्या समितीने वापरला, एवढंच.

मार्चच्या सभेत मी हा विषय मांडला. पाऊण तास चर्चा झाली. एक जण म्हणाले, हॉलवाले मागतात. सचिवांनी तिथल्या तिथे फोन लावला. हॉलवाल्यांना फक्त माणसांची संख्या हवी होती. आयडीचा रकाना गेला, पासपोर्टचा गेला, कंपनीचा गेला. जन्मतारखेऐवजी ‘बारा वर्षांखालील मुलं किती’ एवढंच राहिलं. रक्तगटाचा रकाना मात्र खजिनदारांनी हट्टाने ठेवला, ऐच्छिक म्हणून. जुना गठ्ठा दोघांनी बसून फाडला. यंदाचा फॉर्म अर्ध्या पानाचा आहे, स्मरणिकेच्या मधल्या पानाला जोडलेला. भरून 15 तारखेपर्यंत द्यावा.