मळवली ते बेडसे : पाठीवरच्या ओझ्याची गोष्ट

पिंपरीहून सकाळची लोणावळा लोकल धरली की कामशेतनंतर मळवली येते. स्टेशनाबाहेर पडून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की समोर डोंगर उभा राहतो. त्याच्या पोटात भाजे लेणी, माथ्यावर विसापूर, शेजारी लोहगड आणि पलीकडच्या अंगाला बेडसे लेणी. पोटापाण्याच्या धबडग्यात अडकलेल्या माणसाला शनिवार-रविवारी, लोकलच्या तिकिटात, एवढे सगळे पाहायला मिळते. आमच्या वसाहतीतील आठ-दहा कुटुंबे वर्षातून तीन-चार वेळा या वाटेने जातात. पोरेबाळे असतात, म्हातारी माणसेही असतात. आम्ही दिवसभर कचेरीत आकडे मांडणारी माणसे. दोन दिवस डोंगरात चालून आलो की पुढचा महिना बरा जातो.

पण याच वाटेवर एकदा आमची मान खाली गेली. ती हकीकत वाचक बंधू-भगिनींना सांगितलीच पाहिजे.

बेत असा होता : पहिल्या दिवशी भाजे लेणी व लोहगड, रात्री लोहगडवाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पवन मावळात उतरून बेडसे. आमच्या शेजारच्या मावशी बरोबर होत्या. वय छप्पन्न, अंगणवाडीत मदतनीस. बेडसे पाहायचे म्हणून त्या कितीतरी दिवस मागे लागल्या होत्या. भाज्याच्या पायऱ्या त्या कशाबशा चढल्या. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातले ते चैत्यगृह, छताला अजून टिकून असलेल्या लाकडी कमानी, एकत्र उभे असलेले चौदा स्तूप, सारे त्यांनी पाहिले; पण एका हाताने खांदा दाबूनच. गायमुख खिंडीच्या चढावर त्या एका दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जा बाबांनो. माझा खांदा भरून आलाय. मी माघारी जाते." त्यांचा मुलगा त्यांना घेऊन मळवलीला परतला. बेडसे राहून गेले.

आम्ही म्हटले, वय झाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यातले एक मामा तेवढे गप्प होते. मामांनी तीस वर्षे मार्केट यार्डात हमाली केली आहे. परत आल्यावर त्यांनी मावशींची पिशवी मागवून घेतली आणि म्हणाले, "वयाचं नंतर बघू. आधी हिला काट्यावर लावा."

पिशवी होती तशीच पुन्हा भरून कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्याला लटकावली. काटा थांबला ११ किलो ४०० ग्रॅमवर. मावशींचे स्वतःचे वजन ४८ किलो. म्हणजे अंगाच्या जवळजवळ चौथा हिस्सा वजन पाठीवर! चालणारी जाणती माणसे सांगतात की एका दिवसाच्या वाटेला अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आणि मुक्कामाच्या वाटेला फार तर पाचव्या हिश्श्यापर्यंत ओझे घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणातही मुलांच्या दप्तराची मर्यादा अंगाच्या वजनाच्या दहा टक्केच धरली आहे. सपाट रस्त्यावरच्या पोराला जो हिशेब, तो चढावरच्या मावशींना नको का?

मग आम्ही कागद घेऊन जमाखर्च मांडला. नुसती रिकामी पिशवी १ किलो ९००. सोलापुरी चादर १ किलो ३००. बाटल्यांसह तीन लिटर पाणी ३ किलो २००. स्टीलच्या डब्यांतले जेवण २ किलो ४००. कपडे दीड किलो. बॅटरी, छत्री, जादा चपला, औषधे वगैरे १ किलो १००. जेवणाच्या आकड्यावर आमची बोटे थबकली. एवढे जेवण एका माणसाचे नव्हते. चपात्या, ठेचा, भाजी, पोरांचे लाडू, सगळे आमचेच होते. आमच्या पाठीवर हलक्या पिशव्या आणि आमचे जेवण मावशींच्या खांद्यावर! घरात जे चालते तेच आम्ही डोंगरात नेले होते. मावशींचे वय आड आले नव्हते. आमची सवय आड आली होती.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, नवी पिशवी घेण्याआधी जुनी रिकामी करावी. सगळे सामान चटईवर मांडावे आणि एकेका वस्तूला विचारावे की, तुझे काम दुसरे कोणी करील का? चादरीऐवजी पातळ शाल आली. स्टीलचे डबे गेले. चपात्या फडक्यात बांधल्या आणि ज्याचे जेवण त्याच्याकडे दिले. पाणी मात्र जपून कमी करावे. एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो, पण उन्हात पाणी कमी पडणे ओझ्यापेक्षा वाईट. वाटेत गाव कुठे, पाणी कुठे भरता येईल, हे आधी विचारून ठेवावे. लोहगडवाडीत पाणी भरता येते, म्हणून आम्ही प्रत्येकी दोन लिटरवर आलो. औषधांची पुडी, शिट्टी आणि बॅटरी यांना कधी हात लावू नये.

दुसरी गोष्ट पिशवीच्या मापाची. दुकानात पिशवी लिटरवर विकतात. तीत किती सामान मावते तेवढेच त्यावरून कळते. ती कोणाच्या पाठीला बसेल हे कळत नाही. पाठीचे माप शिंप्याच्या टेपने घरीच घ्यावे. मान पुढे वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड वर येते. तिथून खाली, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले असता अंगठे जिथे समोरासमोर येतात त्या रेघेपर्यंत मोजावे. मावशींची पाठ भरली ४२ सेंटिमीटर. त्यांची जुनी पिशवी मुलाच्या मापाची होती. म्हणून ती कमरेच्या खाली लोंबत होती आणि सारा भार खांद्यांना मागे ओढत होता.

इथे मामांचे शब्द कामाला आले. ते म्हणाले, "ओझं खांद्यानं ओढायचं नसतं, कमरेनं न्यायचं असतं. खांदा थकतो, कंबर लवकर थकत नाही." चांगल्या पिशवीचा रुंद कंबरपट्टा याचसाठी असतो. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळावा, मग खांद्यांचे पट्टे ओढावेत आणि शेवटी छातीवरची पट्टी लावावी. खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये बोट सहज सरकले तर भार कमरेवर आला असे समजावे. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर ठेवाव्यात, हलक्या खाली व बाहेर.

दुकानात रिकामी पिशवी अडकवून आरशात पाहू नये. रिकामी पिशवी सगळ्यांनाच छान बसते. आम्ही तांदळाच्या एकेक किलोच्या पाच पुड्या बरोबर नेल्या, पिशवीत घातल्या आणि मावशींना जिन्यावरून दोनदा वर-खाली करायला लावले. दुकानदार हसला, पण चौथी पिशवी बसली तेव्हा मावशींचा चेहराच सांगत होता. ती ३० लिटरची, वजन ९५० ग्रॅम. गावात मुक्काम असेल तर एवढी पुरते, एका दिवसाला २० लिटरही पुष्कळ. मोठी घेऊ नये, कारण मोकळी जागा माणसाला भरल्याशिवाय चैन पडत नाही. फार हलक्या पिशव्यांचे कापड लवकर फाटते आणि आत आधार नसल्याने वस्तू पाठीला टोचतात. तेव्हा शिलाई व चेन नीट पाहून घ्यावी. पावसाळ्यात आतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घातली की कपडे कोरडे राहतात.

ज्यांना नवी घेणे परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. आमच्यातल्या दोघांनी जुन्याच पिशव्यांना बॅग शिवणाऱ्याकडून रुंद पट्टे आणि कंबरपट्टा लावून घेतला व पाठीच्या बाजूला फोमच्या जुन्या चटईचा तुकडा घातला. अमेरिकेत एमा गेटवुड नावाच्या बाई होत्या, अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अ‍ॅपलाशियन पर्वतातली तीन हजार किलोमीटरहून लांब वाट त्या एकट्या चालून गेल्या. घरी शिवलेली कापडी पिशवी एका खांद्यावर टाकलेली, एवढीच त्यांची तयारी. त्यांना कंबरपट्टा लागला नाही, कारण पिशवीत फारसे काही नव्हतेच.

थंडीत आम्ही पुन्हा मळवलीला उतरलो. या वेळी मावशींच्या पाठीवर ५ किलो ४०० ग्रॅम होते, म्हणजे अंगाच्या नवव्या हिश्श्याएवढे. ज्या दगडावरून त्या माघारी फिरल्या होत्या, त्याच्यावर त्या मुद्दाम दोन मिनिटे बसल्या आणि उठून पुढे चालू लागल्या. लोहगड आता २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे गर्दी होती. दुसऱ्या दिवशी बेडशाला मात्र शांतता होती. पायऱ्या चढून, कातळाच्या अरुंद फटीतून आत शिरलो आणि चैत्यगृहाचे ते उंच खांब समोर आले. माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. मावशी मान वर करून किती तरी वेळ पाहत राहिल्या.

शेजारच्या विहारात गोल छताखाली आम्ही टेकलो. पोरांनी विचारले, "इथं राहणाऱ्या भिक्खूंजवळ सामान किती असायचं?" आम्ही सांगितले, आठ वस्तू. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरबंध आणि पाणी गाळण्याचे फडके. कंबरबंधाचे नाव ऐकताच मावशींनी आपल्या पिशवीचा पट्टा उचलून दाखवला आणि सगळे हसले. मामा हसले नाहीत. ते म्हणाले, "मी तीस वर्षं लोकांनी ठरवलेलं ओझं उचललं. किती न्यायचं हे आपण ठरवलं, असं आज पहिल्यांदा घडलं."

पुढच्या सहलीला निघण्याच्या आदल्या दिवशी आपणही घरातल्या प्रत्येकाची पिशवी काट्याला लावून पाहा. आणि आईची सर्वांत आधी लावा.