तेलाच्या देशातले कोळसेवाले

मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "आपण काय करता?" म्हणून विचारलं आणि आम्ही "कोळशाचं काम" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे हुक्क्याचा का हो?" तेलाच्या देशात कोळसा ही गोष्टच कुणाच्या पचनी पडत नाही. आम्ही तिघे मात्र इथे आलो ते याच कामासाठी. तिघेही विदर्भातल्या एका वीजकेंद्राच्या सीएचपीत, म्हणजे कोल हँडलिंग प्लांटमध्ये, काळे होऊन निघालेलो. वॅगन रिकामी झाल्यापासून क्रशर, बेल्ट, स्टॅकर आणि शेवटी बॉयलरच्या डोक्यावरचा बंकर, हा कोळशाचा प्रवास आखायचा आणि उभा करायचा, एवढंच आम्हाला येतं.

तिकडे आमचा शत्रू पाऊस. जुलैत ओला कोळसा चूटमध्ये चिखलासारखा चिकटून बसायचा आणि मग माणसं घण-पहारी घेऊन वर चढायची. चूट जास्तीत जास्त उभी ठेवायची, आतून गुळगुळीत अस्तर लावायचं, हे आम्ही पुस्तकाच्या आधी त्या पहारींकडून शिकलो.

इथला शत्रू वेगळा. रास अल खैमाहकडच्या काही सिमेंट कारखान्यांत भट्टीला कोळसा लागतो. आतला माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय क्लिंकर होत नाही. कोळसा जहाजाने येतो, शेडमध्ये पडतो, तिथून बेल्टने मिलमध्ये जाऊन पिठासारखा दळला जातो. हे पीठ फार तापट. हवेत उडालं आणि ठिणगी मिळाली की स्फोटच. म्हणून मिलमध्ये कार्बन मोनॉक्साइडवर सतत नजर ठेवायची आणि स्फोटाचा दाब बाहेर जायला झडपा ठेवायच्या. पण ढीगसुद्धा गरीब नसतो. कोळसा हवेतला प्राणवायू शोषतो आणि आतल्या आत तापतो. हलक्या प्रतीचा, ओल धरणारा कोळसा तर जास्तच.

अशाच एका शेडच्या नकाशात आम्ही ढिगाच्या मागून लोडर जाईल असा रस्ता दाखवला होता, जुना कोळसा आधी उचलता यावा म्हणून. मालकांच्या माणसांनी तो खर्च वाचवायला कापला. आम्ही पत्र लिहिलं, ते फाइलला लागलं. पुढे ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी फोन आला, "ढिगातून धूर निघतोय." पोचलो तर पाण्याचे पाइप जोडून तयार! आधी ते थांबवले. वरून पाणी मारलं की ते वाट फुटेल तिकडे वाहून जातं, आतला निखारा तसाच राहतो आणि वाफेचा धोका वेगळाच. तापलेला भाग लोडरने खणून काढायचा, उघड्यावर पातळ पसरायचा, निवू द्यायचा आणि उरलेला ढीग दाबून घट्ट करायचा. एका पठाण चालकाने रात्रभर हे काम केलं. त्याच्या केबिनला एसी होता, पण धुरामुळे काच उघडायची सोय नव्हती. पहाटे तो उतरला तेव्हा त्याला बोलवेना. कापलेला रस्ता महिन्याभरात बांधून मिळाला.

मग हस्यानचं नाव ऐकू येऊ लागलं. जेबेल अलीच्या पुढे, अबुधाबीच्या वाटेवर, समुद्रकाठी २४०० मेगावॉटचं कोळशाचं वीजकेंद्र. ६०० मेगावॉटचे चार संच. २०१६ साली काम सुरू झालं. आम्ही त्या कामावर नव्हतो, पण आकडेमोड कुणी सोडतंय होय! आमच्या हिशेबाने परदेशी चांगल्या कोळशावर एका संचाला पूर्ण भाराने दिवसाला ५,००० टनांच्या आसपास पुरावेत. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचाला आपल्याकडच्या कोळशावर जवळजवळ दुप्पट, कारण आपण कोळशाबरोबर राखही मैलोन् मैल वाहून नेतो. तिघांपैकी एकाने तर हस्यानसाठी बेल्टची रुंदीसुद्धा काढून ठेवली होती, कुणी मागितली नसताना.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झालं, की हस्यान आता नैसर्गिक वायूवर चालणार. बॉयलर पहिल्यापासून दोन्ही इंधनांवर चालतील असेच आखलेले होते, त्यामुळे वीजनिर्मितीचं अडलं नाही. आदल्याच वर्षी सरकारने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट सांगितलं होतं. घरी मुलांनी आनंद मानला आणि त्यांचं बरोबरच आहे. ही हवा त्यांनाच जास्त वर्षं घ्यायची आहे. आम्हीही "चांगलं झालं" म्हणालो. पण त्या संध्याकाळी तिघांचे एकमेकांना फोन झाले, आणि बोलायला विशेष काही नव्हतं.

सध्या टेबलावर चुनखडीचा बेल्ट आहे. दगड, म्हणून तापत नाही, पेटत नाही. प्रोब नको, गॅसवर नजर नको. निम्मं ड्रॉइंग मोकळंच दिसतं. बेल्टच्या दोन्ही बाजूंनी ताणलेली पुल कॉर्ड, जी ओढली की बेल्ट थांबतो, ती मात्र जशीच्या तशी. याही वेळी खर्चाच्या यादीत तिच्यावर कुणीतरी पेन्सिलने खूण केली आहे, "एका बाजूला पुरे का?" उत्तराचं पत्र आज गेलं.