टेप बाहेर का येत नव्हती?

तर झालं असं, की 27 मार्च 2022, रविवार, सकाळचे साडेसात. मोबाइलवर मेल येऊन पडलेली: नाइट बॅकअप फेल. एरवी मी कूस बदलून झोपलो असतो. पण मार्च एन्डचा आठवडा होता आणि त्या सर्व्हरवर हिशेबाची सगळी खाती होती. उठलो, चहा टाकला आणि व्हीपीएनवरून आत शिरलो.

मशीन जुनं. एचपी-यूएक्स 11आय व्ही2, सोबत एलटीओ-3 चा टेप ड्राइव्ह. 400 जीबीची टेप आणि रोजचा बॅकअप जेमतेम तीन-चारशे एमबी. म्हणजे डब्यासाठी आख्खा ट्रक! असो. जुन्या लोकांनी लावून दिलेलं चालत होतं, म्हणून कोणी हात लावत नव्हतं.

लॉगमध्ये लिहिलं होतं, फाइल सिस्टिम फुल. मला वाटलं टेप भरली. मग नीट वाचलं तर भरलं होतं ते रूट. 'बीडीएफ' मारला, रूट 100 टक्के. आता बॅकअप जातो टेपवर, मग रूट का भरावं? कुठे काय साठलंय ते बघायला 'डीयू' लावला, आणि सगळ्यात जाडजूड डिरेक्टरी निघाली '/डेव्ह/आरएमटी'.

ज्यांना युनिक्सची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. '/डेव्ह' मध्ये असतात डिव्हाइस फायली. त्या नावालाच फायली. आत काही नसतं, फक्त कुठल्या ड्रायव्हरकडे जायचं त्याचा पत्ता. दारावरची पाटीच म्हणा ना. पाटीचं वजन पाचशे एमबी कसं होईल?

'एलएस -एल' केलं आणि पोटात खड्डा पडला. '/डेव्ह/आरएमटी/0एम' च्या ओळीत पहिलं अक्षर 'सी' हवं होतं, कॅरेक्टर डिव्हाइस म्हणून. तिथे नुसती आडवी रेघ होती. म्हणजे साधी फाइल. टेपची पाटीच गायब होती. रूट म्हणून चालणाऱ्या 'टार'ला त्या नावाची फाइल सापडली नाही, तर त्याने बिचाऱ्याने त्याच नावाची नवी फाइल बनवली आणि सगळा बॅकअप त्यात ओतला. रोज रात्री पुसून परत तेच. म्हणून आकार वाढत नव्हता आणि मेल मात्र रोज 'सक्सेस'ची! मार्च एन्डला व्हाउचर वाढले, तेव्हा कुठे रूट भरलं आणि बिंग फुटलं.

पाटी काढली कोणी? फाइलींच्या जन्मतारखा चाळायची गरज नव्हती. मला आठवलं. 5 फेब्रुवारी, शनिवार. काम नव्हतं म्हणून मी साफसफाई काढली होती. एचपी-यूएक्स एका ड्राइव्हला 8 नावं देतं: काम झाल्यावर टेप गुंडाळणारं, न गुंडाळणारं, बर्कली पद्धतीचं, वगैरे. तिथे असे दोन संच होते, 0 चा आणि 1 चा. एक कधीच परत गेलेल्या ड्राइव्हचा. मी ठरवलं, लहान नंबर म्हणजे जुना. 'आयओस्कॅन' मारून बघायला दहा सेकंद लागले असते. मी 'आरएम' मारला.

त्याहून वाईट पुढे आहे. आमचे ऑपरेटर काका मला फेब्रुवारीतच म्हणाले होते, "साहेब, टेप हल्ली सकाळी आपोआप बाहेर येत नाय. बघा की जरा." बॅकअप संपल्यावर स्क्रिप्ट 'एमटी' ने टेप बाहेर काढायची. साध्या फाइलीला ते कसं जमणार? आणि तिची एरर स्क्रिप्टने '/डेव्ह/नल' मध्ये फेकलेली. मी काकांना काय म्हणालो? "काका, बटण दाबून काढा ना." काका पन्नास दिवस बटण दाबत होते, टेप बदलत होते, वहीत तारीख लिहून सही करत होते.

ऑफिस गाठलं. कपाटातल्या सहाच्या सहा टेप आता साध्या आडव्या रेघेइतक्याच कामाच्या आहेत, असं गृहीत धरूनच निघालो होतो. आधी ती गलेलठ्ठ फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली. तीही अर्धवट, कारण रात्रीच्या फसलेल्या 'टार'ने आदल्या दिवशीचा चांगला बॅकअप आधी पुसला होता. मग 'आयओस्कॅन -एफएनसी टेप'. ड्राइव्ह होता, 'क्लेम्ड' होता, खाली एकही नाव नाही. 'इन्सफ -ई -सी टेप' मारल्यावर क्षणात आठही नावं परत. इतकंच काम होतं!

मग एकेक टेप घालून 'टार टीव्हीएफ'. सगळ्यात ताजा बॅकअप निघाला 4 फेब्रुवारीचा, शुक्रवारचा. म्हणजे मधले सात आठवडे डिस्क गेली असती, तर फेब्रुवारी-मार्चच्या नोंदी कागदांवरून परत टाइप करायच्या. अकाउंट्सची ती चार माणसं डोळ्यांसमोर आली...

आता प्रश्न सरांना सांगायचा. रूटचा पासवर्ड पाच जणांकडे. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. खोटं कशाला सांगू, अर्धा तास तोही विचार केला. मग हाताने बॅकअप लावला, ड्राइव्हची घरघर पन्नास दिवसांनी ऐकली आणि सरांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून काढ सगळं. आणि काकांना तू स्वतः सांग."

स्क्रिप्टमध्ये त्याच दिवशी एक ओळ घातली: '0एम' कॅरेक्टर डिव्हाइस नसेल तर थांब आणि बोंबल. दर शुक्रवारी टेपवरून एक फाइल परत काढून बघायचंही तेव्हापासून सुरू झालं.

सोमवारी सकाळी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि विचारलं, "मग ह्या सह्यांचं काय करायचं, साहेब?"