वैशाखातील दुधी

वैशाखात विहीर तळाला गेली की परसातील कोणत्या आळ्याचे पाणी तोडावे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी निघतो. यंदा वडील मंडळींचा रोष दुधीच्या वेलीवर होता. फुले उदंड, फळ एकही नाही. सबब वेल वांझ! घरात सुना वावरत असता हा शब्द इतक्या सहज उच्चारावा, हे आम्हांस रुचत नाही. वस्तुतः कडक उन्हात या वेलीस नरफुलेच अधिक येतात. मादीफुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा केसाळ दुधी असतो, तो पाहून घ्यावा. फुले दिवेलागणीस उमलतात. त्या वेळी नरफूल खुडून त्याचा पराग मादीफुलावर हलकेच टेकवावा. आळ्यात पाचट पसरून आम्ही दिवसाआड एकच घागर पाणी दिले. आता दोन दुधी धरले आहेत. फळमाशी बसू नये म्हणून थोरल्या सूनबाईंनी ते जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळले आहेत.