आईचा नियम आणि एक गोळी

सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा आईचा लग्नाआधीपासूनचा नियम. सांगलीहून ती माझ्याकडे ग्वाल्हेरला राहायला आली, तेव्हा तो नियमही बरोबर आला. पण इथे माझ्या लक्षात आलं की ती दुपारीही पाणी टाळते. विचारलं तर म्हणाली, "प्रवचनातून सारखं उठायला लाज वाटते गं." गोपाचलच्या कड्यात तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात कोरलेल्या जिनमूर्ती बघायची तिला फार ओढ. तरी "वाटेत सोय नसली तर?" म्हणत तिने दोनदा जाणं मोडलं.

डॉक्टर म्हणाले, मूत्राशय पुरतं भरण्याआधीच आवळलं जातंय. यावरची बरीचशी जुनी औषधं आवळण्याचा निरोप देणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतात, पण त्यांनी तोंड कोरडं पडतं. रात्रभर पाणी न घेणाऱ्या बाईने ते कसं सोसायचं? म्हणून त्यांनी मिराबेग्रॉन लिहून दिलं आणि रक्तदाबावर लक्ष ठेवायला बजावलं.

माझी भाची फार्मसी शिकते. तिने आजीला समजावलं, "मूत्राशय भरत असताना नसांमधून नॉरअ‍ॅड्रेनालिन येतं. ते मूत्राशयाच्या भिंतीला सांगतं, सैल हो. आणि तोंडाला सांगतं, मिटून राहा. भिंतीवर ते ऐकणारी जागा म्हणजे बीटा-३. ही गोळी त्याच जागेला जागं करते. जपानमध्ये २०११ साली तिला पहिल्यांदा परवानगी मिळाली."

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "प्राण्यांवर करून बघितली असणार ना?"

"हो आजी."

"कशी?"

पोरगी घुटमळली, पण खोटं बोलली नाही. उंदराच्या मूत्राशयात बारीक नळी घालतात. तिच्यातून हळूहळू मिठाचं पाणी सोडतात आणि आतला दाब किती वेळा चढतो ते कागदावर उमटवतात. औषध दिलं की दाब चढण्याच्या मधलं अंतर वाढतं का, ते बघतात. कधी मूत्राशयाची पट्टी कापून द्रावणात टांगतात आणि ती किती सैलावते ते मोजतात.

आमच्यात हिंसेचे चार प्रकार सांगतात. घरकामात होते ती आरंभी, पोटासाठीच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःला वाचवताना होते ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तीन पूर्ण टाळता येत नाहीत; चौथी मात्र सोडायलाच हवी. उंदीर तर ठरवूनच मारलेला असतो. मग गोळी घेणारी बाई कुठे बसते? मी म्हणत होते, "तू कुठे मारलंस?" पण हे म्हणणं मलाच पोकळ वाटत होतं.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्या प्राण्यांचं मूत्राशय सारखं नसतं. सशात सैल करण्याचं काम मुख्यतः बीटा-२ करते, उंदरात बीटा-२ आणि बीटा-३ दोन्ही, माणसात प्रामुख्याने बीटा-३. म्हणजे सशाचं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागू नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसाच्या मूत्राशयाचे तुकडे तपासले, तेव्हा ते नीट कळलं. जिथे जीव घेऊनही उत्तर अर्धंच मिळतं, तिथे 'नाइलाज होता' हे म्हणणंही अर्धंच उरतं.

रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली लिहून ठेवलं होतं: शक्य तिथे प्राणी वगळा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आली. नव्या औषधांच्या नियमांत मात्र प्राण्यांऐवजी पेशींवर किंवा संगणकावर चाचणी करायला २०२३ साली वाट मिळाली. उशीर झाला, पण वाट झाली.

आईने दोन दिवस गोळीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाळलेल्या पाण्याबरोबर घेतली. म्हणाली, "घेते. पण माझा यात संबंध नाही, असं मला म्हणायला लावू नकोस." त्या दिवसापासून सामायिकाला बसली की सगळ्या जीवांची क्षमा मागताना उंदीर आणि ससा ही नावं ती वेगळी घेते. भाचीलाही तिने बजावलंय, "तुझ्या हाती आलं, तर त्या दुसऱ्या वाटेने जा."

महिन्याभराने आम्ही गोपाचलला गेलो. निघताना आई पाणी पिऊन निघाली.