घरबसल्या टायपिंगचं काम अजून मिळतं का?



"घरबसल्या टायपिंगचं काहीतरी काम बघ ना गं माझ्यासाठी," असं मला मंदिराच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणीतरी म्हणतंच. पूर्वी मी लगेच हो म्हणायचे. आता समोर बसवून सगळं सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

माझं काम ट्रान्सक्रिप्शनचं. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं. दुपारची झाकपाक झाली की हेडफोन लावून बसते आणि सूर्यास्ताआधीच्या जेवणाच्या तयारीला उठते. आवाज स्वच्छ असेल तर एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार तास लागतात. दोघी-तिघी एकदम बोलत असतील तर सहाही.

२०२२ च्या सप्टेंबरात ओपनएआय कंपनीने 'व्हिस्पर' नावाचं बोलणं उतरवून देणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याला मराठीही येतं. त्यानंतर हळूहळू माझ्याकडच्या फायलींचं रूपच पालटलं. आता रेकॉर्डिंगसोबत मशीनने उतरवलेला मजकूर येतो आणि खाली एक ओळ, 'फक्त तपासून द्या.' मिनिटाला १० रुपये मिळायचे, ते ४ झाले.

हे मिनिट रेकॉर्डिंगचं असतं, आपल्या घड्याळाचं नव्हे. नवीन मुली इथेच फसतात. एका तासाच्या फाईलचे पूर्वी ६०० रुपये व्हायचे आणि चार तास जायचे, म्हणजे तासाला १५०. आता त्याच फाईलचे २४०. एकटा वक्ता शांतपणे शुद्ध मराठीत बोलत असेल, तर तपासणं तासाभरात होतं आणि खरं सांगायचं तर आपला फायदाच होतो. पण गावाकडचं बोलणं असेल तर मला तीन तास लागतात. म्हणजे तासाला ८० रुपये. एवढ्यात घरी पापड लाटलेले बरे.

तीन तास का लागतात, तेही सांगते. मध्यंतरी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती आल्या होत्या. कुणाच्या, कुठल्या, ते सांगायचं नसतं, या कामाचा तो पहिला नियम. मराठीत उतरवून इंग्रजी भाषांतरही द्यायचं होतं आणि दोन्हींचा कच्चा मजकूर मशीनचा होता. 'आमचा एक कोयता' याचं मशीनने विळा केलं होतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडे साखर कारखान्याच्या आसपास वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. 'पिशवी काढली' याचं इंग्रजीत 'बॅग काढली' झालं होतं. ती बाई गर्भाशयाच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती हो! 'न्हाई' हा शब्द तर किती ठिकाणी गळला होता. 'खाडा न्हाई केला' मधला 'न्हाई' गेला, की न झालेला खाडा त्या बाईच्या नावावर लागला. आणि एके ठिकाणी बोलता बोलता ती गप्प झाली. मी आवाज वाढवून ऐकलं, हुंदका होता. मशीनने तिथे लिहिलं होतं, 'धन्यवाद.'

शांततेच्या जागी मनाने वाक्यं घालायची खोड या यंत्राला आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. वाचताना ती चूक सापडत नाही, कारण वाक्य व्याकरणाला धरून असतं. ती फक्त ऐकून सापडते. म्हणून 'फक्त तपासून द्या' या ओळीचा मला राग येतो.

चातुर्मासातल्या प्रवचनांचंही तेच. 'निर्जरा' चं 'निर्जळ' होतं, आणि कर्माची निर्जरा करता करता महाराज एकदम उपवासाबद्दल बोलू लागतात! 'पुद्गल' चं 'पुढे गेलं' झालेलंही मी पाहिलंय. इथे आपल्याला लहानपणापासून कानावर पडलेले शब्द उपयोगी येतात. पण एक बोलतेच, कुणाला आवडो न आवडो. प्रवचनाचं पुस्तक छापताना कागदाचे, छपाईचे, बाइंडिंगचे पैसे दिले जातात, आणि उतरवून देणाऱ्या बाईला मात्र 'सेवा' म्हणायचं, हे मला पटत नाही. सेवा करायची की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. आधी दर विचारा.

आता काम शोधणाऱ्यांसाठी. नोंदणीचे, अनामतीचे, सॉफ्टवेअरचे पैसे मागणारी प्रत्येक जाहिरात खोटी समजा. ते आधी पैसे घेतात, मग 'अचूकता कमी पडली' म्हणून काम नाकारतात आणि वर वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून घाबरवतात. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि पैसे गेले असतील तर लगेच करा, दोन दिवस घरच्यांपासून लपवत बसू नका.

काम खरं असेल तर होकार देण्याआधी रेकॉर्डिंगची पाच मिनिटं मागून घ्या. तेवढा तुकडा घड्याळ लावून तपासा, त्यावरून पूर्ण फाईलचे तास काढा आणि मगच दर सांगा. नुसतं वेगात टाइप करता येणं आता पुरत नाही. बोलीभाषा, शेती, दवाखाना, कोर्ट, यांतलं आपल्याला काय कळतं ते अर्जात स्पष्ट लिहा. माझ्या अर्जात मी 'कोल्हापूर-सांगलीकडची बोली आणि जैन प्रवचनांची परिभाषा' असं लिहिलंय. आणि फाईल कधीही कुठल्या फुकटच्या साइटवर चढवू नका, ते दुसऱ्याचं खासगी बोलणं असतं.

मी स्वतः गेल्या महिन्यात ते पाच मिनिटांचं गणित मांडून पाठवलं. बोलीभाषेच्या फायलींना मिनिटाला ९ रुपये मागितले. चार दिवस उत्तर नव्हतं. मग ८ वर कबूल झाले, तेही सध्या दोनच फायलींसाठी. पहिली काल दिली, दुसरी ग्रामसभेची आहे. पंचवीस माणसं आणि एकच माइक.