माळवद आणि आईची झोप

घर राहणाऱ्यासाठी बांधायचे असते, हे सांगायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही बांधणाऱ्याने राहणाऱ्याला काही विचारले, असे आपल्याकडे क्वचितच घडते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. सिमेंट-वाळूचे प्रमाण मला कळत नाही. पण माझे बालपण दोन घरांत वाटले गेले, एक नांदेड जिल्ह्यातले आणि एक लातूर जिल्ह्यातले, आणि ही दोन घरे माझ्या जन्माच्या आधीपासून एकमेकांशी भांडत आली आहेत.

पहिले घर वडिलांचे, कंधार तालुक्यातले. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, पुढे ढेळज, आत चौक, आणि पाच खणांचे माजघर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे आणि घर केवढे ते खणांवरून सांगायचे, ही आपली जुनी मोजणी. वर माळवद. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा शेजारच्या पत्र्याच्या घरातली माणसे दुपारी आमच्या माजघरात येऊन पडतात. पंखा असतो, पण तो माश्या वारण्यापुरता! जाड भिंत आणि जाड माती दिवसाचे ऊन आपल्या अंगात जिरवून ठेवतात आणि ते आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. दगड शिवारातला, माती गावातली, लाकूड शेताच्या बांधावरचे. हल्ली ज्याला पर्यावरणपूरक बांधकाम म्हणतात, ते हेच असावे. फक्त आमच्या पणजोबांना तो शब्द ठाऊक नव्हता.

याच घरात माझी आई झोपत नाही.

आईचे माहेर औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून दमलेली गावे गाढ झोपेत होती. हजारो माणसे आपल्याच घरांखाली गेली. आईची धाकटी बहीण त्यांतली एक. याहून अधिक आईने कधी सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

लग्न होऊन ती कंधारकडे आली ती नेमकी माळवदाखाली. उन्हाळ्या-हिवाळ्यात तिची खाट अंगणात आणि पावसाळ्यात ढेळजेत, दाराला लागून. ‘सुनेला घर पसंत नाही’ असे आजीला पहिली दोन वर्षे वाटे. मग एका पावसाळ्यात आजीने आपले अंथरूणही मुकाट्याने ढेळजेत आणून टाकले. आत्याने हटकले तेव्हा म्हणाली, “तिचं भ्याव काय खांबाला बांधून ठिवू का?” त्या विषयावर आमच्या घरात झालेले एवढेच भाषण.

गेल्या वर्षी काकांनी वाडा पाडून स्लॅब टाकायचे काढले आणि घरात दोन तट पडले. आजी म्हणे, माझ्या देखत खांब हलवायचा नाही. आई काहीच म्हणेना, पण स्लॅबचे नाव निघाले की तिच्या चेहऱ्यावरची उजळणी मला दिसे. दोघींपैकी कोणाची बाजू घ्यावी हे कळेना, म्हणून मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून भूकंपाविषयी जे मिळाले ते वाचून काढले.

वाचताना प्रथम ध्यानात आले ते हे की दगडाने माणसे मारली असे सरसकट म्हणता येत नाही. आपली भिंत एक दिसली तरी ती दोन असते: बाहेरचा एक थर, आतला एक थर, मधे चिपा आणि माती. दोन्ही थर आरपार बांधून धरणारे लांब दगड पूर्वीचे कसबी गवंडी घालीत. पुढे खर्च आणि कसब दोन्ही आटले तसे ते गळाले. धक्का बसताच थर सुटून पडले. दुसरी गोष्ट माळवदाची. मृग लागण्यापूर्वी गळती थांबावी म्हणून वर्षाला नवी पांढरी माती पसरायची, जुनी मात्र कोणी काढायचे नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे २४० घनफूट. वजन दहा टनांच्या आसपास. (गणित मी दोनदा तपासले आहे, प्राध्यापकांनी हसू नये!) इतका भार अशा भिंतींच्या डोक्यावर. जिथे छत लाकडी खांबांवर पेललेले होते, तिथे भिंती ढासळूनही पुष्कळ ठिकाणी सांगाडा उभा राहिला.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. बावन्न गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या मानाने अडीचशे, चारशे वा साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली. काम प्रचंड होते आणि ते झाले, याचे श्रेय द्यायलाच हवे. पण माझ्या आजोळी मी जे पाहिले तेही लिहायला हवे. शहरातल्या वसाहतीसारखे सरळ, रुंद रस्ते. घराला घर लागून नाही. पूर्वी हाक मारली की शेजारीण ओसरीवर येई, आता रस्ता ओलांडून जावे लागते. शेत लांब गेले. कडबा, ज्वारीची पोती, म्हैस आणि चूल यांना नकाशात जागाच नव्हती. मामाने घरामागे पत्र्याचे छप्पर काढून चूल तिथे नेली, आणि पक्के घर पोत्यांचे झाले. गुबाळला तर घुमटाकार घरे बांधली गेली. गोल भिंतीला कपाट कसे टेकवायचे, याचा विचार राहणाऱ्यांनाच करावा लागला असेल.

हे आपल्याच देशात घडते असे नाही. इजिप्तमध्ये हसन फाथी या थोर वास्तुविशारदाने १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव मातीच्या विटांनी उभारले. सुंदर, गार आणि स्वस्त. पण ज्यांच्यासाठी बांधले त्यांतले बहुतेक तिकडे गेलेच नाहीत. त्यांचे पोट जुन्या गावाशी, तिथल्या प्राचीन थडग्यांशी बांधलेले होते. फाथी तर लोकांशी बोलणारा माणूस. त्याचीही ही गत!

मला सर्वांत विचार करायला लावले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या गावांतली घरे उभी राहिली होती, तिथे ती मजबूत करण्याची योजनाही त्याच कार्यक्रमात होती. भिंतीत आरपार दगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा, खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार द्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी हे समजावीत हिंडल्या. भारतीय मानक संस्थेची अशा कच्च्या चिरेबंदीविषयीची मार्गदर्शिकाही १९९३ सालचीच. उपाय होता, पैसा होता, सांगणारेही होते. तरी बहुतेकांनी मिळालेल्या पैशात जुन्या घराला हात न लावता शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली.

अभियंते याला अज्ञान म्हणतील. मला ते म्हणवत नाही. ज्या छताखालून आपण आपले माणूस उकरून काढले, त्या छताला पट्टा बांधला म्हणून झोप येत नाही. ऊन, वारा, पाऊस मोजून घराचा नकाशा काढतात. भीतीचेही माप त्यात धरायला हवे होते. आणि ते एकाच दिशेने धरूनही भागत नाही, कारण माझ्या आजीला स्लॅबच्या भट्टीची भीती वाटते आणि तीही खरी आहे.

काकांना मी हे सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, “तुझं पुस्तक काही गिलावा करणार न्हाई.” पण दुसऱ्या आठवड्यात लोह्याहून एक म्हातारा मिस्त्री घेऊन आले. माळवदाची माती खणली तेव्हा तिच्यात चार वेगवेगळ्या रंगांचे थर निघाले. ती वीतभर ठेवून खाली प्लास्टिकचा कागद अंथरायचा, भिंतींना पट्टा द्यायचा, आणि ढेळजेला लागून हलक्या छताची एक खोली नवी काढायची, असे ठरले. नव्या खोलीचे दार कुठे, असे मिस्त्रीने काकांना विचारले. काकांनी आईकडे पाहिले.

“दोन दारं पाह्यजेत,” आई म्हणाली. “अन् दोन्ही बाहेर उघडणारी.”

मिस्त्रीने फक्कीने रेघ ओढली. आई तिच्या आत उभी राहून, खाटेपासून दार किती पावलांवर येते ते चालून पाहू लागली. पहिल्या खेपेला चार पावले आली. तिने मिस्त्रीला रेघ सरकवायला लावली.